एका माणसावरून साऱ्यांचे मन
(महाकम्मविभंग सुत्ताच्या कसोटीवर एका मानसशास्त्रीय निबंधाचे परीक्षण)

एखाद्या माणसाचे जीवन बारकाईने अभ्यासावे आणि त्यावरून सर्व मनुष्यजातीच्या, निदान त्या माणसाच्या समूहाच्या मनाविषयी सिद्धांत मांडावा, ही मानसशास्त्रातील जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली 'छोटा हान्स' या पाच वर्षांच्या मुलाला वाटणाऱ्या घोड्याच्या भीतीचे विवरण प्रसिद्ध केले आणि बालमनाविषयीच्या आपल्या व्यापक सिद्धांताला त्यातून पुष्टी मिळाली असे मानले. त्या मुलाविषयीची बहुतेक निरीक्षणे त्याच्या वडिलांनी कळविलेली होती. झां पियाजे यांनी शैशवातील बुद्धिविकासाचे टप्पे ठरविताना प्रामुख्याने आपल्याच तीन अपत्यांचे निरीक्षण केले. या रीतीला आपल्याकडे व्यक्ती-अभ्यास पद्धती म्हणतात. तिच्यातून मानसशास्त्राला पुष्कळ मिळाले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्या मर्यादेचा आहे. एका व्यक्तीविषयी जे खरे ठरले ते 'सर्वां'विषयी खरे म्हणण्याचा अधिकार अभ्यासकाला केव्हा प्राप्त होतो?

हा प्रश्न केवळ विद्यापीठीय चर्चेचा नाही. माणसाचे मन त्याच्या जन्मावरून ओळखता येते, या समजुतीवर या देशात एक संपूर्ण समाजव्यवस्था उभी राहिली. ती समजूत पूर्वी धर्मशास्त्राच्या भाषेत सांगितली जात असे. ती आता मानसशास्त्राच्या भाषेत सांगितली जाऊ लागली, तर बौद्ध अभ्यासकाने ती तपासली पाहिजे. त्यातही ती आपल्या प्रतिपक्षाविषयी असेल आणि ऐकावयास गोड वाटत असेल, तर अधिक काटेकोरपणे तपासली पाहिजे. प्रस्तुत लेखात अशाच एका प्रसिद्ध निबंधाचा विचार करावयाचा आहे.

निबंधाचे प्रतिपादन

आशिस नंदी यांचा गांधीहत्येच्या राजकारणावरील 'फायनल एन्काउंटर' हा इंग्रजी निबंध त्यांच्या 'ॲट द एज ऑफ सायकॉलॉजी' या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात आहे. नथुराम गोडसे हा कोणी वेडा माथेफिरू नव्हता, त्याच्या कृत्यामागे एक सामाजिक आणि मानसिक अर्थ होता, हे या निबंधाचे मुख्य सूत्र होय. गांधींनी राजकारणाचे केंद्र नागर, सुशिक्षित, उच्चवर्णीय वर्गाकडून काढून परिघावरच्या जनतेकडे नेले. पौरुष आणि शस्त्रबळ यांच्याऐवजी सहनशीलता, सेवा, उपवास अशा स्त्रीसुलभ मानल्या गेलेल्या मूल्यांना त्यांनी राजकीय प्रतिष्ठा दिली. यामुळे पेशवाईची आणि लढाऊपणाची स्मृती बाळगणारा महाराष्ट्रातील ब्राह्मणवर्ग, विशेषतः चित्पावन, आतून हादरला. नथुराम हा त्या हादरलेल्या मनाचा प्रतिनिधी होय, असे नंदी सुचवितात.

येथेच व्यक्ती-अभ्यासाचा धागा येतो. नथुरामचा जन्म १९१० सालचा. आधीचे मुलगे बालपणीच दगावल्यामुळे आईवडिलांनी त्याला काही काळ मुलीसारखे वाढविले, त्याचे नाक टोचून नथ घातली. मूळच्या रामचंद्राचा 'नथुराम' झाला तो यामुळे. लहानपणी लादल्या गेलेल्या या स्त्रीरूपातून पुढे पौरुषाची तीव्र ओढ निर्माण झाली आणि ती राजकारणात व्यक्त झाली, असा अर्थ लावला जातो. एका बाजूस एका माणसाचे बालपण, दुसऱ्या बाजूस एका जातीचा इतिहास. या दोहोंचा सांधा जुळतो तो एकाच गृहीतकावर, की हा माणूस म्हणजे त्या जातीच्या मनाचा नमुना होय.

चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा ज्या परशुरामाशी जोडली जाते त्याचे देवस्थान आमच्या चिपळूणजवळच्या डोंगरावर आहे. उत्पत्तीच्या कथेवरून जातीचा स्वभाव सांगणारी पौराणिक मानसविद्या या भागात नवीन नाही. आपल्या अभ्यासवर्गांतूनही अशा निबंधांचे स्वागत 'चला, त्यांचे खरे स्वरूप उघडे पडले' अशा समाधानाने होताना दिसते. ते समाधान कितपत सकारण आहे, हे पाहण्यासाठी पालि वाङ्मयातील एका कसोटीकडे वळावे लागते.

तथागतांची कसोटी

मज्झिम निकायातील महाकम्मविभंग सुत्त राजगृहाच्या वेळुवनात घडते. भिक्खू समिद्धी यांना प्रव्रज्या घेऊन अद्याप तीनच वर्षे झाली होती. पोतलिपुत्त नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले की, काया, वाचा, मनाने हेतुपूर्वक कर्म करणाऱ्याच्या वाट्याला कोणते वेदन येते? समिद्धींनी तत्काळ उत्तर दिले, दुःख. ही हकीकत आनंद थेरांमार्फत तथागतांच्या कानी आली, तेव्हा त्यांनी दोष दाखविला तो असा, की विभाग करून उत्तर देण्याजोग्या प्रश्नाला या भिक्खूने एकांगी उत्तर दिले. त्यानंतर जे विवेचन येते ते अनुमानशास्त्राच्या दृष्टीने असाधारण आहे.

तथागत चार प्रकारच्या व्यक्ती सांगतात. कोणी दुराचारी दुर्गतीला जातो. कोणी दुराचारी असूनही सुगतीला जातो. कोणी सदाचारी सुगतीला जातो, तर कोणी सदाचारी असूनही दुर्गतीला जातो. आता समजा, एखाद्या श्रमणाने तपाने व समाधीने दिव्यचक्षू मिळविला आणि पहिल्या प्रकारची एक व्यक्ती पाहिली. तो म्हणतो, 'पापकर्म आहे, त्याचे फळ आहे, मी असा माणूस पाहिला.' मग पुढे जाऊन म्हणतो, 'जे जे असे आचरण करतात ते सर्व दुर्गतीलाच जातात. हे ज्यांना मान्य तेच योग्य जाणतात, इतरांचे ज्ञान मिथ्या आहे.' आणि आपण पाहिलेल्यालाच घट्ट धरून हेच खरे, बाकी फोल, असा आग्रह धरतो.

यावर तथागत त्या श्रमणाचे संपूर्ण म्हणणे स्वीकारत नाहीत आणि संपूर्ण फेटाळीतही नाहीत. ते त्याचे तुकडे करतात. पापाचे फळ आहे, हे मान्य. त्याने ती व्यक्ती पाहिली, हेही मान्य. परंतु 'सर्व' हे मान्य नाही. वेगळे जाणणाऱ्यांचे ज्ञान मिथ्या, हे मान्य नाही. आग्रह तर मुळीच मान्य नाही. कारण ज्या व्यक्तीला आज हे फळ मिळाले तिने पूर्वी काय केले, नंतर काय केले, मरणसमयी तिची दृष्टी कोणती होती, हे त्या श्रमणाने पाहिलेले नाही. फळाची कारणे दृष्टीच्या टप्प्याबाहेर असू शकतात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. या श्रमणाच्या निरीक्षणात दोष नाही. दिव्यचक्षूपेक्षा श्रेष्ठ निरीक्षण-साधन त्या विचारविश्वात दुसरे कोणते असणार? तरीही निष्कर्ष चुकतो. निरीक्षण निर्दोष असले म्हणजे सामान्यीकरण निर्दोष ठरते असे नाही, हा धडा पाश्चात्त्य मानसशास्त्राला विसाव्या शतकात पुनःपुन्हा शिकावा लागला. दुसरी गोष्ट अशी की, दुराचारी माणूस सुगतीला गेलेला पाहून 'पापाचे फळच नाही' असे म्हणणाऱ्या श्रमणालाही तथागत याच न्यायाने अडवितात. म्हणजे ही कसोटी अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही निष्कर्षांना सारखीच लावावयाची आहे.

या सुत्तातून आपल्याला चार प्रश्न मिळतात. प्रत्यक्ष काय पाहिले? 'हा' या शब्दाचा 'सर्व' कोठे झाला? कोणती मागची-पुढची कारणे दृष्टीआड राहिली? आणि सिद्धांत चुकीचा ठरण्याची वाट मोकळी ठेवली आहे की नाही? नंदींच्या निबंधाला हेच चार प्रश्न विचारू.

निबंध कसोटीवर

प्रथम जे मान्य करावयाचे ते मोकळेपणाने मान्य करू. राजकीय हत्येला वेडेपणा म्हणून बाजूला न सारता तिच्यामागील सामाजिक कारणे शोधणे, हे योग्य आहे. उच्चवर्णीयांचे प्रभुत्व ढळत होते आणि त्याचा रोष राजकारणात उतरत होता, हे निरीक्षणही मोलाचे आहे. नथुरामचे बालपण, नथ, नाव या गोष्टी घडलेल्या आहेत. एवढे सर्व पाहिलेले.

आता 'सर्व' कडे जाणारी वाट पाहू. मूल जगावे म्हणून त्याला हीन नाव देणे, नाक टोचणे, मुलीचा वेष देणे ही नजर चुकविण्याची चाल महाराष्ट्रात कोण्या एका जातीची नव्हती. दगडू, धोंडू, केरबा, नथू ही नावे गावकुसाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे ऐकू येत. अशी नावे घेऊन वाढलेले असंख्य लोक शेतात राबले, गिरणीत खपले, संसार करून गेले. नथेमुळे हिंसक पौरुष उत्पन्न होते असे म्हणावयाचे, तर या सर्वांचे काय झाले ते पाहावयास हवे. ते कोणी पाहिले नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी इतिहासात गाजला नाही. परिणाम आधी निवडून कारण मागाहून शोधले की हा दोष अटळ असतो.

तुलनेसाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. खटल्यातच तुलना उपलब्ध आहे. नथुरामचा धाकटा भाऊ गोपाळ त्याच घरात, त्याच आईवडिलांच्या हाताखाली वाढला. मुलगा जगल्यावर नवसाचे कारण उरले नव्हते, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला ते बालपण आले नाही. तरी तोही त्याच कटात दोषी ठरला आणि जन्मठेपेस गेला. २० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनासभेच्या जागी स्फोट घडविणारा मदनलाल पाहवा हा पंजाबातून आलेला निर्वासित होता. पेशवाईची स्मृती त्याच्या मनात असण्याचे कारण नव्हते. मग एकाच कटातील तीन माणसांपैकी एकाचेच मन त्या नथीने उलगडत असेल, तर कृत्याचे सामान्य कारण अन्यत्र शोधावे लागेल.

ते अन्यत्र म्हणजे सुत्ताच्या भाषेतील मागची-पुढची कारणे होत. वडिलांच्या बदलीमुळे नथुराम १९२९ च्या सुमारास रत्नागिरीस आला आणि तेथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या सहवासात आला. पुढे हिंदुत्ववादी संघटनांत त्याची घडण झाली. नारायण आपटे याच्यासह त्याने 'अग्रणी' हे पत्र चालविले. मग फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले. (सावरकरांना या खटल्यात न्यायालयाने निर्दोष सोडले, हेही येथे नोंदविले पाहिजे.) विचारप्रणाली, संघटना, वृत्तपत्र ही कारणे उघड आहेत, कागदोपत्री आहेत. ती जातीच्या सीमेने बांधलेली नाहीत, म्हणूनच पंजाबी मदनलाल आणि कोकणस्थ आपटे एकत्र येऊ शकले. अबोध मनाचा शोध रोचक असतो. पण त्या रोचकतेत ही उघडी कारणे दुय्यम ठरली, तर अभ्यासाचे नुकसान होते, आणि जबाबदारीही विचाराकडून रक्ताकडे सरकते.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण. मुलीसारखा वाढविलेला मुलगा पुढे आक्रमक झाला, तर ती लादलेल्या स्त्रीत्वाविरुद्धची प्रतिक्रिया. तोच सौम्य झाला असता, तर तो त्या स्त्रीत्वाचा स्वीकार म्हटला गेला असता. जो सिद्धांत घडलेले आणि न घडलेले दोन्ही सारख्याच सहजतेने स्पष्ट करतो, त्याला चुकीचे ठरविण्याची वाटच राहत नाही. अशा सिद्धांताला तथागतांनी वर्णिलेल्या आग्रहापासून फार अंतर नसते.

'चित्पावन मन' या कल्पनेची परीक्षा याच रत्नागिरी जिल्ह्यात घेता येते. गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातील कोतळूकचे. साने गुरुजी दापोली तालुक्यातील पालगडचे, आणि घराणे खोतांचे. त्यांनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले आणि गांधीहत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले. १९४० मधील वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधींनी निवडलेले विनोबा भावे याच जातीचे. या माणसांच्या विचारांशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. परंतु पेशवाईची तीच स्मृती आणि प्रभुत्व ढळण्याचा तोच अनुभव वाट्यास आलेल्या माणसांची मने इतकी भिन्न दिशांनी गेली, हे तथ्य आहे. यावर कोणी म्हणेल, निबंधकाराने 'सर्व' म्हटलेले नाही, 'कल' म्हटला आहे. ठीक आहे. पण कल सांगावयाचा तर मोजणी हवी, तुलना हवी. एका माणसाच्या खोल अभ्यासातून खोली मिळते, प्रमाण मिळत नाही.

'सर्व' या शब्दाची किंमत

या शब्दाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. ३० जानेवारी १९४८ नंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे, दुकाने जाळली गेली. मारणारा एक, म्हणून त्याच्या जातीचे सर्व दोषी, असे ते अनुमान होते. ते अनुमान जमावाने केले म्हणून आपण त्याला अविचार म्हणतो. तेच अनुमान ग्रंथात, परिभाषेसह आले म्हणजे त्याला सिद्धांत म्हणावे काय? नंदींना तो हिंसाचार अभिप्रेत नव्हता हे उघड आहे. तरीही तर्काची रचना सारखीच आहे. आणि ती रचना आपल्याला परिचित आहे, कारण शतकानुशतके तिचा मारा आपल्यावर झाला आहे. एका महाराने केलेली चोरी ही साऱ्या महारवाड्याची प्रवृत्ती ठरत असे. गुन्हेगार जमातींचे कायदे याच अनुमानावर रचले गेले.

आधुनिक मानसशास्त्राचा मारही पीडितांना बसला आहे. अमेरिकेत अब्राम कार्डिनर आणि लायोनेल ओव्हसी यांनी १९५१ साली 'द मार्क ऑफ ऑप्रेशन' हा ग्रंथ लिहिला. २५ कृष्णवर्णीय व्यक्तींच्या मनोविश्लेषणात्मक अभ्यासावरून त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या व्यक्तिमत्त्वाचे सामान्य चित्र रेखाटले. आत्मसन्मानाचा अभाव आणि स्वतःविषयीचा द्वेष हे त्याचे ठळक रंग. लेखकांचा हेतू सहानुभूतीचा होता, दडपशाहीचे दुष्परिणाम त्यांना दाखवावयाचे होते. पण तुलनेसाठी श्वेतवर्णीय व्यक्तींचा गट नव्हता, आणि ज्या समाजाने चर्च, संगीत, शाळा व लढे उभारले त्याचे बळ या चित्रात आले नाही. त्यानंतर चारच वर्षांनी माँटगोमेरीच्या सामान्य कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांनी बसगाड्यांवरील बहिष्कार सुरू केला आणि वर्षाहून अधिक काळ तो पायी चालून निभावला. स्वतःचा द्वेष करणारा समाज असे करीत नाही.

आपल्या आत्मकथनांच्या समीक्षेतही हाच धोका आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातील दगडू मारुती पवार याच्या मनातील कोंडी, संकोच, दुभंग वाचून 'दलित मनाचा न्यूनगंड' अशी संज्ञा समीक्षकांच्या लेखणीतून सहज उतरू लागली. पण शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तील जन्माचा प्रश्न दगडूचा नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तील भटकंती या दोघांचीही नाही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये 'मी' पेक्षा 'आम्ही' बोलतो. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यातून आलेल्या ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मधली बाई तर जातीइतकाच घरातल्या पुरुषसत्तेचा हिशेब मांडते. ही सारी कथने एकत्र ठेवली की 'दलित मन' नावाची वस्तू हाती येत नाही. हाती येते ती एका व्यवस्थेची कार्यपद्धती, आणि तिला निरनिराळ्या माणसांनी दिलेली निरनिराळी उत्तरे.

बाबासाहेबांची रीत

हा फरक बाबासाहेबांनी पूर्वीच ओळखला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात त्यांनी आरंभीच स्पष्ट केले आहे की, अस्पृश्यता परकीयांना समजावून देण्याचे दोन मार्ग आहेत, सामान्य वर्णन किंवा प्रत्यक्ष प्रसंगांचे कथन, आणि दुसरा मार्ग अधिक परिणामकारक वाटल्याने तो आपण निवडला आहे. म्हणजे व्यक्ती-अभ्यासाची निवड त्यांनी जाणीवपूर्वक केली. १९०१ सालच्या प्रवासात मसूर स्थानकावर ताटकळलेली मुले, बडोद्यातील पारशी विश्रामगृहातून झालेली हकालपट्टी, १९२९ मध्ये चाळीसगावला महार प्रवाशाला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी दिलेला नकार, १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावरील हौदाचा प्रसंग, हे सर्व विशिष्ट स्थळकाळाचे आहेत.

या प्रसंगांतून ते काय सिद्ध करतात आणि काय करीत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. बडोद्यात हाकलणारे पारशी होते, दौलताबादला आरडाओरडा करणारे मुसलमान होते, इतरत्र हिंदू होते. या प्रसंगांवरून ते 'पारशी मन' किंवा 'मुस्लिम मन' रचीत नाहीत. एकच प्रथा भिन्न धर्मांच्या माणसांकडून तेच वर्तन कसे करवून घेते, एवढेच दाखवितात. त्यांच्या लेखनात व्यक्ती ही व्यवस्थेची साक्षीदार असते, जातीचा नमुना नसते. जात ही मनाची एक अवस्था आहे असे त्यांनी १९३६ च्या भाषणात म्हटले. अवस्था पालटता येते. जन्मजात स्वभाव पालटता आला नसता, आणि मग जातिनिर्मूलनाला अर्थच उरला नसता.

कोकणातील त्यांचा लढा याच रीतीचा आहे. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला भरलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि खोती पद्धतीवर त्यांनी तेथे प्रहार केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांत चित्पावन पुष्कळ होते, पण मराठा होते, मुसलमानही होते. कुळांत कुणबी होते, महार होते, भंडारी होते. बाबासाहेबांनी खोताच्या मनाचे निदान केले नाही, खोतीच्या कायद्यावर बोट ठेवले. म्हणूनच त्या लढ्यात कुणबी आणि महार शेतकरी एकत्र येऊ शकले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही या संदर्भात विसरता येत नाही. 'ब्राह्मण मना'च्या सिद्धांतात त्यांना जागा कोठे द्यावयाची?

एका व्यक्तीचे खरे सामर्थ्य

मग एका व्यक्तीच्या अभ्यासातून सामान्य सिद्धांत कधीच निघत नाही काय? निघतो, पण त्याची जात निराळी असते. हेन्री मोलायसन या अमेरिकन माणसावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तीनंतर नव्या घटना त्याच्या स्मरणात राहीनाशा झाल्या. १९५७ साली शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे मिल्नर यांना आढळले की, आरशात पाहून आकृती रेखण्याचे कौशल्य तो दिवसेंदिवस अधिक चांगले आत्मसात करीत होता, जरी आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला दरवेळी आठवण नसे. स्मृती ही एकच अखंड शक्ती आहे, ही समजूत या एका माणसाने खिळखिळी केली. तरीही संशोधक तेथे थांबले नाहीत. इतर रुग्णांवर आणि प्राण्यांवर पुढे अनेक वर्षे पडताळणी झाली.

एका उदाहरणाचे खरे सामर्थ्य हे आहे. ते 'सर्व' उभे करू शकत नाही, पण 'सर्व' मोडू शकते. मज्झिम निकायातील अंगुलिमालाचे स्थान हेच नव्हे काय? खुनी माणसाचे मन कधीच पालटत नाही, हा सिद्धांत मोडण्यास तो एकटा पुरेसा आहे. पण प्रत्येक खुनी अर्हत होईल, असे त्यावरून कोणी म्हणत नाही.

बौद्ध परंपरेलाही माणसांचे प्रकार पाडण्याचा मोह झाला आहे. विसुद्धिमग्गात रागचरित, द्वेषचरित, मोहचरित इत्यादी सहा चरिते येतात. त्यांची लक्षणे मोठी मनोवेधक आहेत. झाडू कसा धरतो, वाळू न उधळता झाडतो की कर्कश आवाज करीत झाडतो, येथपर्यंत ती जातात. परंतु हे सर्व सांगून झाल्यावर आचार्य बुद्धघोष स्वतःच बजावतात की, हा लक्षणविचार पालिग्रंथात किंवा अट्ठकथेत या रूपात आलेला नाही, तो आचार्यांच्या मताला धरून सांगितला आहे, म्हणून तो सार समजून चालू नये. आपल्याच वर्गीकरणाच्या पायथ्याशी अशी पाटी लावणारे मानसशास्त्रज्ञ विरळा. शिवाय ही चरिते जातीला, कुळाला बांधलेली नाहीत. एकाच विहारातील दोन भिक्खूंची चरिते भिन्न असू शकतात.

धम्मपद-अट्ठकथेतील सोनारपुत्राची कथा याहून बोलकी आहे. सारिपुत्तांनी एका तरुण भिक्खूला, तारुण्यात राग प्रबळ असतो या सामान्य नियमाने, अशुभ-भावना दिली. काहीच साधेना. तथागतांनी त्याच्या हाती सोन्याचे कमळ दिले, कारण त्याचे चित्त सोन्याच्या सौंदर्यात रमणारे होते, आणि त्या कमळाच्या कोमेजण्यातून त्याला अनित्यता दिसली. नियम सारिपुत्तांसारख्या महाप्रज्ञावंताचा होता. तरी समोरचा माणूस त्या नियमात मावला नाही.

समारोप

नंदींचा निबंध टाकाऊ नाही. तो वाचावा, पण विभाग करून वाचावा. ढळत्या प्रभुत्वाचे राजकारण कसे चालते, हे त्यातून शिकावे. एका माणसाच्या नथीतून एका जातीचे मन ओढून काढण्याची रीत मात्र स्वीकारू नये. ती आज आपल्या प्रतिपक्षावर चालली म्हणून आपण टाळ्या दिल्या, तर उद्या तीच एखाद्या आत्मकथनाच्या आधारे आपल्यावर चालेल, आणि तिला विरोध करण्याचा नैतिक आधार आपण आधीच गमावलेला असेल.

वासेट्ठ सुत्तात तथागतांनी वनस्पती, कीटक, पशू, पक्षी यांच्यातील जन्मजात भेद मान्य केले आणि मनुष्यांत तसे भेद नाहीत असे सांगितले. ही केवळ समतेची घोषणा नाही, मानवी मनाच्या अभ्यासाची ती पहिली अट आहे. ज्या मानसशास्त्राला ही अट मान्य नाही ते कितीही आधुनिक परिभाषेत बोलो, मनूने सोडलेले सूत्र तेच पुढे चालवीत असते. आपल्या संस्थांतून आत्मकथने, चळवळीतील स्त्रीपुरुषांच्या मुलाखती, खेड्यापाड्यांतील वृत्तांत गोळा करणाऱ्या तरुण अभ्यासकांनी प्रत्येक वृत्तांत मनःपूर्वक लिहून घ्यावा, खोलात जाऊन समजून घ्यावा. मात्र निष्कर्षाच्या ओळीवर 'सर्व' हा शब्द लिहिण्यापूर्वी वेळुवनातील तो प्रश्न स्वतःला विचारावा, की जे पाहिले ते मान्य, पण त्यापलीकडचे आपण पाहिले आहे काय?